नोव्हेंबरची यादी

नॉकाफोला, बॅलिनाजवळ,
काउंटी मेयो.
बुधवार, ९ फेब्रुवारी १९२७

प्रिय फेस्टी,

तुझं पत्र पोचलं. वाचून आनंद झाला असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. मी ठीक आहे. आई आहे तशी आहे. तुझा खोकला कमी झाला का? गोदीवरची ओल छातीत बसते म्हणतात. फ्लॅनेल घालत जा. तू घालणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

काळी गाय संत ब्रिजिडच्या दिवशी व्याली. कालवड आहे, कपाळावर पांढरा ठिपका. लाल कोंबडी बाबांच्या जुन्या टोपीत अंडी घालते आणि कुणी टोपीला हात लावला की बिशपसारखी ओरडते. पोस्टाची पेटी नव्या सरकारने हिरवी रंगवली, पण खालची राजाची अक्षरं तशीच वर उठून दिसतात. पोस्टातली सबीना पॅडन म्हणते, "दोन पावसाळे जाऊ देत गं, पुन्हा लाल होते की नाही बघ." तिची जीभ अजून तशीच आहे, कात्रीला लाजवेल अशी.

गोठ्याचं छप्पर नवं शाकारून झालं. टर्फही भरपूर आहे, भिंतीला छातीएवढा ढीग लागलाय, मेपर्यंत चुलीला पुरेल.

आता तू विचारशील, शाकारलं कुणी, आणि दलदलीतून टर्फ कापून, वाळवून वाहून आणलं कुणी. तू पोलिसात होतास, प्रश्न विचारायची तुला सवय. शेजाऱ्यांनी, फेस्टी. छपरावर स्वतः डर्कन चढला होता. त्या वयात. मी खालून शिडी धरली होती.

हे वाचून तुला आनंद होईल आणि तू म्हणशील, बघ, मी सांगत होतो, लोक विसरतात. थांब. तसं नाहीये. ते सांगायलाच बसले आहे आणि कोंबड्यांवर एक पान घालवलं. आई झोपली आहे. दुपारची तासभर झोपते. तेवढ्यात लिहून काढते.

तू लिहितोस की महिनाअखेरच्या बोटीने येतो, बास झालं इंग्लंड. घरमालकीण अजून तुला 'ए आयरिश' म्हणून हाक मारते, मुकादम सगळ्यांदेखत तुझ्या बोलण्याची नक्कल करतो. ज्या राजाची दहा वर्षं चाकरी केली त्याच्या मुलखात तुला कुत्रं विचारत नाही. मला वाईट वाटलं. हसूही आलं, खोटं कशाला बोलू. इथे तुला इंग्रजांचा माणूस म्हणून शिव्या आणि तिथे आयरिश म्हणून. बिचाऱ्याने झोपायचं तरी कुठे, समुद्रात?

आणि पुढे तू लिहितोस, 'आईला मी खांदा देईन. बाकी कुणी आलं नाही तरी चालेल.'

एका माणसाने शवपेटी उचलता येत नाही, फेस्टी. मला विचार.

बाबा गेले तेव्हा मी तुला लिहिलं होतं की सगळं नीट पार पडलं. तू तेव्हा नुकताच तिकडे गेला होतास, खिशात कवडी नाही, येऊ तर शकत नव्हतासच, मग कशाला सांगा. आता सांगते. कुणीही आलं नाही. एक माणूस नाही. मयताच्या रात्रीच्या जागरणाला तंबाखू, चहा, पाव सगळं मांडून आम्ही दोघी बसलो, आणि सकाळी सगळं तसंच उचलून ठेवलं. थडगं शेजाऱ्यांनी खणायचं असतं, तुला माहीत आहे. मी खणलं. जानेवारीची जमीन, वरची वीतभर गोठलेली. दोन दिवस लागले. पेटी बनवणाऱ्या सुताराचा गडी बॅलिनाहून गाडी घेऊन आला होता, त्याने दोराचं एक टोक धरलं आणि मी दुसरं. माझ्याकडचं सुटलं. पेटी डोक्याच्या बाजूने खाली आपटली. म्हातारे फादर प्रार्थना म्हणत होते ते क्षणभर थांबले आणि मग भरभर म्हणू लागले.

आई भिंतीशी उभी होती. तेव्हा ती चालत होती. दारात आल्यावर म्हणाली, "डेलिया, ह्यांच्या वेळी आपण दोघी तरी होतो. माझ्या वेळी तू काय करशील गं?"

चार वर्षं मी तेच ऐकते आहे. ती दुसऱ्यांदा कधीच म्हणाली नाही, तरी ऐकते आहे.

वाळीत टाकायची विद्या आपल्याच जिल्ह्याने एका इंग्रज कारभाऱ्यावर चालवून जगाला शिकवली, त्यामुळे आपल्याकडे ती फार सफाईने करतात. कुणी दगड मारत नाही, शिवी देत नाही. मी चर्चमध्ये जाऊन बसले की बाकावरचे बाकीचे उठतात, एवढंच. दुकानदार माझ्यामागून आलेल्याला आधी देतो. वाटेवर लोक माझ्या डोक्यावरून ढगांकडे बघतात. पाच वर्षांत नॉकाफोलातल्या लोकांना आभाळाची फार माहिती झाली असेल.

मी डर्कनला दोष देत नाही. त्याचा एकुलता मुलगा अँथनी पोलिसांच्या गोळीने गेला. तू तेव्हा टिपररीत होतास, सव्वाशे मैलांवर, हे त्यालाही ठाऊक आहे. पण लॉरीतून उतरलेल्यांच्या अंगावर तोच गडद हिरवा गणवेश होता आणि गावातला तो गणवेश घालणारा एकच, तू.

तुला तो मोजमापाचा दिवस आठवतो? पोलीसभरतीसाठी तुम्ही दोघं बॅलिनाला गेलात. अँथनी उंचीला कमी पडेल म्हणून डर्कनने त्याला तीन दिवस अंथरुणात आडवं ठेवलं होतं, झोपून माणूस लांबतो म्हणून, आणि गाडीतही आडवाच घालून नेला. गाव हसून हसून लोळलं. तरी पाऊण इंच कमीच भरला. तू पास झालास. आपल्याकडे त्या दिवशी केक केला आणि डर्कनकडे दार बंद. तेव्हा सगळ्यांनाच पोरगा पोलिसात हवा होता. आता कुणालाच ते आठवत नाही. आता विचारलंस तर प्रत्येकाचा बाप पहिल्यापासून बंडखोर. दहा वर्षांनी त्याच गाडीतून डर्कनने अँथनीला घरी आणलं. पाऊण इंच उंच असता तर तो कुठे असता आणि तू कुठे, हा विचार मी करते तेव्हा डोकं फिरतं.

आणि वीस साली, बाकीचे नोकरी सोडत होते तेव्हा, बाबांनी तुला 'सोडू नकोस, दिवस पालटतील' असं लिहून कळवलं. ते पत्रही माझ्याच हातचं. आपल्या घरातली सगळी पत्रं माझ्याच हातची.

आता मूळ गोष्ट.

नोव्हेंबरात आपापल्या मेलेल्यांची नावं कागदावर लिहून चर्चमध्ये द्यायची असतात, वेदीवर ठेवतात. म्हातारे फादर नुसताच गठ्ठा ठेवायचे. नवे फादर कनॅव्हन उत्साही आहेत. ते एकेक नाव मोठ्यांदा वाचतात. तर दुसऱ्या रविवारी त्यांनी आपला कागद उघडला. आजोबा, आजी, बाबा, बाळपणी गेलेली आपली मार्गारेट. आणि मग, "फेस्टस रुआन."

चूक झाली.

आई नावं सांगत होती, मी लिहीत होते. झटका येऊन गेल्यापासून तिचं भान कधी असतं कधी नसतं. तिच्या तोंडून तुझं नाव निघालं असेल आणि माझ्या हाताने लिहिलं गेलं असेल.

चर्चमध्ये सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी मान वर केली नाही. बाहेर आले तेव्हा फाटकाशी डर्कन उभा होता. त्याने टोपी काढली. पाच वर्षांत पहिल्यांदा तो ढगांकडे न बघता माझ्याकडे बघत होता. हात पुढे केला आणि म्हणाला, "तुझ्या दुःखात आहे, डेलिया." त्याच्यामागे त्याची बायको. तिच्यामागे पॅडन मंडळी. रांग लागली, फेस्टी. मी प्रत्येकाचा हात हातात घेतला. कुणाचा हात धरणं म्हणजे काय हे मी विसरून गेले होते. मी रडले. त्यांना वाटलं तुझ्यासाठी.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. 'नाही हो, तो बर्कनहेडला आहे, खोकला झालाय फक्त.' ओठापर्यंतसुद्धा आलं नाही.

दुपारी घर भरलं. कुणी अंडी आणली, कुणी मनुकांचा पाव, पुरुषांनी कोपऱ्यात पाइप पेटवले. बाबांच्या खुर्चीवर कुणीतरी बसलं! सबीना चहा ओतत होती आणि जो तो तुझ्या लहानपणच्या खोड्या सांगत होता. डर्कननेच सांगितलं, तू आणि अँथनीने फादरच्या गाढवाला चर्चच्या घंटेला बांधलं होतं ते. सगळे हसले, डर्कनही हसला. मग तो गुडघ्यावर बसला आणि त्याने तुझ्या आत्म्यासाठी जपमाळ म्हटली. पूर्ण म्हटली, गाळली नाही. मी त्याच्या मागे बसून उत्तरं देत होते. एका जिवंत माणसासाठी.

हे सगळं मी 'चूक' म्हणून सांगितलं. फेस्टी, आईने तुझं नाव घेतलं नव्हतं. आईचं भान माझ्यापेक्षा शाबूत आहे. तिने चार नावं सांगितली आणि म्हणाली, "बास, एवढीच." मी कागद टेबलावर नेला आणि खाली पाचवं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत बघत बसले. मला ठाऊक होतं फादर मोठ्यांदा वाचतात. म्हणूनच लिहिलं.

आता आणखी एक राहिलं, तेही लिहिते, नाहीतर पुन्हा हिंमत होणार नाही. त्या दुपारी घर भरलेलं बघून आईने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "एवढी माणसं! कोण गेलं गं?" बारा-पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "फेस्टी." तिने माझा हात घट्ट धरला. "खरंच?"

मी म्हणाले, "हो, आई."

दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिसऱ्या दिवशी दूध मागितलं. हल्ली ती शांत आहे. मरणाला घाबरत नाही. म्हणते, "फेस्टी पुढे गेलाय ना, तो दारात उभा असेल." रोज म्हणते. आणि मी तिच्या तोंडात पेज घालते.

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढचं वाच.

तुझं पत्र सबीनाने मला दिलं ते चहाच्या पुड्याखाली, पालथं घालून. पोस्टाच्या दुकानात तिघी उभ्या होत्या. मोठ्यांदा म्हणाली, "डेलिया, इंग्लंडातून तुझ्या भावाच्या सामानाबद्दल काहीतरी आलंय वाटतं. मेलेल्या माणसाचे व्यवहार संपता संपत नाहीत बाई." आणि डोळ्याला डोळा भिडवला. ती तुझं अक्षर शाळेपासून ओळखते. पोस्टाचा शिक्काही वाचता येतो तिला. तिला माहीत आहे. मला धरणी ठाव देईना.

त्याच दुपारी डर्कन आला, गोठ्याचं दार बसवायला. बिजागऱ्यांना तेल घालता घालता, माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "सबीना म्हणते पत्र आलंय. येतोय का तो?"

मी म्हणाले, "कोण?"

"डेलिया, मी म्हातारा झालोय, खुळा नाही. पोलिसातला माणूस मेला की सरकारचा कागद येतो. तुझ्याकडे आला नाही. मला त्याच रविवारी कळलं होतं."

"मग फाटकाशी हात कशाला पुढे केलात?"

त्याने बिजागरीत तेलाचा आणखी एक थेंब सोडला. मग म्हणाला, "दहा पावलांवर राहतो मी. पाच वर्षं रोज तुझ्या बापाच्या दारावरून मान फिरवून जायचो. मान दुखते गं. तुझा बाप आणि मी एका बाकावर शिकलो. त्याला खांदा द्यायला गेलो नाही, भिंतीआडून बघत होतो तुला खणताना. माझी बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मला निमित्त हवं होतं. सगळ्यांनाच हवं होतं. तू दिलंस."

"मग आता तो आला तर काय?"

"मेलेल्याला मी माफ केलं. मनापासून केलं, जपमाळ धरून. पण तो त्या वाटेने चालत आला तर मला अँथनीचा बाप व्हावं लागेल. मला नको असलं तरी. सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघेल, हा काय करतो. मी तुझ्या दारात आलो नाही तर कुणी येणार नाही. आणि मी येऊ शकणार नाही, पोरी. तो समोर बसलेला असताना नाही."

दार लावून बघितलं, कुरकुरलं नाही. चहा घेतला नाही, गेला.

म्हणजे सगळ्यांना माहीत आहे, फेस्टी. डर्कनला, सबीनाला, बहुतेक फादरनाही. सगळे मिळून तुला मेलेला धरून चालले आहेत, कारण तू मेलास म्हणून त्यांना आमच्या घरी येता येतं. खरोखर माहीत नाही ते एकट्या आईला. माझ्याच हातांनी मी हे बांधलं आणि आता मीच आत आहे, इकडे आड तिकडे विहीर. तू आलास तर आई तुला बघेल, आणि मग आपल्या दोघांनाच तिला पुरावं लागेल. नाही आलास तर तिला सगळा गाव पोचवेल आणि ती तुला न बघता जाईल. मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करते आणि रोज तिथेच येते.

मला तुझा रागही येतो. तू गेलास आणि सुटलास असं वाटायचं. तू सुटला नाहीस हे तुझ्या पत्रावरून दिसतं. मग कोण सुटलं? तो गणवेश ज्यांनी शिवला ते सामान बांधून बोटीने गेले, बँड वाजवत. मागे राहिलो आपण, एकमेकांची तोंडं बघत.

आई जागी झाली आहे, खोकते आहे. आटपतं घेते.

फादर कनॅव्हननी रविवारी तिला अंतकाळचं पवित्र तेल लावलं. डॉक्टर म्हणतो आठवडा, फार तर दोन. म्हणजे तुझ्या महिनाअखेरच्या बोटीच्या आत; पत्र मिळताच निघालास तरच ती तुला भेटेल. हे पत्र मी चालत बॅलिनाला नेऊन टाकणार आहे, म्हणजे उद्याच निघेल.

काल डर्कन, दोघे पॅडन आणि आणखी पाचजण स्वैपाकघरात बसून ठरवत होते. कबरस्तान दीड मैल, मधे चढ, म्हणून आठजण, चार आणि बदलायला चार. खणायला कोण, दोर कुणाकडे, सगळं नीट, दबक्या आवाजात, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. मी ऐकत होते आणि मला इतकं सुख वाटत होतं की लाज वाटली. मग एका पॅडनने विचारलं, पुढचा डावा खांदा कुणाचा? तिथे थोरला मुलगा असतो. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

डर्कन म्हणाला, "तिथे मी राहतो. तिला मुलगा नाही. मलाही नाही." आणि माझ्याकडे वळून, "चालेल ना, डेलिया?"

फेस्टी, मी हो म्हणाले. तुझी जागा मी त्याला दिली.

येऊ नकोस.

तुझ्या पाठची, तुझ्यावाचून दुसरं कुणी नसलेली,
डेलिया